सुधा, तुझा रविवार

सुधा, तुझ्या तेरवीला एक बाई आली होती. जांभळं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात संत्र्यांची पिशवी. तुझ्या फोटोसमोर पिशवी ठेवून ती खाली बसली आणि अशी रडली, की बाहेरच्या खोलीतले पुरुष बोलायचे थांबले. स्वयंपाकघरातून तुझी मीनू धावत आली आणि गोदामावशी म्हणून तिच्या कुशीत शिरली. मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. गोदाला मी लगेच ओळखलं. पण ती तुझ्या मुलीची मावशी कधी झाली, हे मला ठाऊक नव्हतं. मीनूनंच मग सांगितलं, की दरवर्षी संत्री निघाली की ती यायची, एक मुक्काम करायची, तुझ्या हातची पाटोडी खाऊन जायची. इतकी वर्षं ती येत राहिली, आणि तू मला एका शब्दानं सांगितलं नाहीस.

रडणं ओसरल्यावर गोदानं डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोन जी बाई?"

मी म्हटलं, सुधाची मैत्रीण.

तिनं मान हलवली. "बाईले लय मैत्रिणी होत्या," म्हणाली.

तर सुधा, तुझ्या तेरवीच्या दिवशी, तुझ्या फोटोला घातलेल्या हाराच्या वासात उभी राहून, मी तुझ्यावर जळत होते. रडायचं सोडून. आणि तुझ्यावरच नाही, तुझ्यासाठी रडणाऱ्यांवरही. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तुझ्या त्या बायका, नाटकातली पोरं, शेजारच्या काकू, जो तो म्हणतो, सुधाताई म्हणजे आमच्याच होत्या. मला वाटतं, त्यांना हाताला धरून बाहेर काढावं आणि दार लावून घ्यावं. तू ऐकलं असतंस तर पोट धरून हसली असतीस. माझं हे जळणं तुला नवीन नव्हतं. आपल्या मैत्रीत ते कधी झाकलेलं नव्हतंच, घरात एखादी खोडकर मांजर असावी तसं ते मधेमधे पायात यायचं आणि तू त्याला पायानंच बाजूला सारायचीस.

आठवतं, त्याची सुरुवात कशी झाली? राज्य नाट्यस्पर्धेची तालीम होती, धरमपेठेतल्या शाळेच्या हॉलमध्ये. नायिकेचे संवाद मी पंधरवडाभर घरी पोळ्या लाटता लाटता पाठ केले होते. तू चौथ्या दिवशी आलीस, एक्स्चेंजची ड्यूटी संपवून, सायकल भिंतीला लावून, कपाळावरचा घाम पदरानं पुसत. कोणीतरी तुला म्हटलं, जरा हे पान वाच. तू वाचलंस. धड वाचलंही नाहीस, दोन ठिकाणी अडखळलीस आणि स्वतःवरच हसलीस. पण हॉलमध्ये झाडणारी बाई झाडू हातात धरून उभी राहिली. मला तेव्हाच कळलं. मी नायिकेच्या थोरल्या बहिणीचं काम केलं, सबंध नाटकभर तुझ्या डोक्यावरून हात फिरवत. नाटक संपल्यावर माझी आई मेकअपच्या खोलीत आली आणि तिनं आधी तुला जवळ घेतलं. त्यानंतर मी माहेरी एकटी गेले, की ती विचारायची, "सुधा नाही आली?"

नाट्योपचाराचे वर्ग सुरू झाले ते आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात. आपले डॉक्टर मनोविकाराचे, बाहेरदेशी काही वर्षं काढून आलेले, आणि वाडीच्या अलीकडे, जुन्या गोदामात चालणाऱ्या एका वसतिगृहाचं काम पाहणारे. बरे होऊन घरी जाता न आलेले, अर्धे बरे झालेले, घरच्यांनी नेलेच नाहीत असे पंचवीस-तीस जण तिथे राहायचे. डॉक्टरांना नाटकवाले हवे होते. मी गेले, कारण बी.ए.ला माझा मानसशास्त्र विषय होता आणि एकदा तरी असं काहीतरी असावं, जे मला येतं आणि तुला येत नाही, असं वाटत होतं. दुसऱ्या आठवड्याला तू माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन बसलीस. "तू काहून आली इथं?" असं मीच तुझ्या बोलीत तुला विचारलं असेल, कारण मला निर्मलाची निम्मी करणारी तू हसून म्हणालीस, "तू जिथं जाशीन तिथं मले पाहा लागते ना वं, निम्मे, काय मिळून राहिलं ते."

गुरुवारी सिद्धांत, रविवारी प्रात्यक्षिक. गुरुवारचा वर्ग माझा होता. डॉक्टर सांगायचे, रंगमंचावरचं नाटक बघणाऱ्यासाठी असतं, इथलं नाटक करणाऱ्यासाठी आहे. ते चांगलं वठलं की नाही, हे इथे कोणी विचारणार नाही. क्रमसुद्धा त्यांनी पक्का करून दिला होता: आधी शरीर, मग वस्तू, मग भूमिका. ज्याला स्वतःचा हात हलवता येत नाही, त्याला राजा हो म्हणू नका. आधी हात हलू दे, मग हातात काठी येऊ दे, काठीचा राजदंड झाला की राजा आपसूक येईल. आणि आलेला राजा पाठवून द्यायला विसरू नका. भूमिका अंगावरून उतरवायची, स्वतःचं नाव घ्यायचं, खोलीत काय काय आहे ते सांगायचं, मगच घरी जायचं. माणसानं आपल्या दुःखात बुडायचं नाही आणि काठावर कोरडंही बसायचं नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहील असं अंतर सांभाळायचं, आणि ते सांभाळणं हेच तुमचं काम. हे सगळं मी ऐकायचे, समजून घ्यायचे, प्रश्न विचारायचे. तू जांभया द्यायचीस. मला फार बरं वाटायचं.

रविवार आला की सगळं उलटं. डॉक्टरांचा नियम होता, जे स्वतःवर केलं नाही ते दुसऱ्यावर करायचं नाही. म्हणून पहिले दोन महिने आपणच आपले रोगी. एका रविवारी त्यांनी मधोमध एक पंचा टाकला आणि म्हणाले, याचं काहीही करा. मी त्याचा पूल केला, नदी केली, पतंग केला. डॉक्टर छान म्हणाले. तुझी पाळी आली. तू पंचा उचललास, घडी घातलीस, परत उलगडून वेगळी घडी घातलीस, आणि काखेत धरून उगीच डोलायला लागलीस. आम्हाला वाटलं, बाळ. सगळ्यांना तेच वाटतं. मग तू थांबलीस, त्या घडीचं एक टोक हळूच उघडून पाहिलंस आणि परत झाकलंस. त्या झाकण्यावरून आम्हाला कळलं, की आत जे आहे ते आता रडणार नाही. मीनूच्या आधी तुला एक मुलगा झाला होता, हे मला, दर खेपेला तुझ्यासोबत बसने येणाऱ्या मला, त्या दिवशी कळलं.

डॉक्टर पुढे आले. घाई केली नाही. तुझ्याकडून पंचा खाली ठेववून घेतला, तुझं नाव विचारलं, खिडकीबाहेर काय दिसतं ते विचारलं. तू म्हणालीस, ट्रक. कोणता रंग, त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "माती इतकी बसली हाय, रंग कुठं दिसून राहिला." मग सगळे हसले, तूही. आणि मी, सुधा, त्या हसण्यात सामील होऊन आत एकच विचार करत होते, की माझ्याजवळ इतकं मोठं काही नाही. माझा पंचा पंचाच राहिला. मला तुझ्या दुःखाचासुद्धा हेवा वाटला. हे मी तुला पुढे कधीतरी सांगितलं तेव्हा तू रागावली नाहीस. म्हणालीस, "घेऊन जा मंग. दुकान लावून बसली मी?" आणि बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिलीस. त्या मुलाचं नाव काय ठेवणार होतीस, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, आणि आता तुझ्या नवऱ्याला, वसंतरावांना, विचारणं बरं दिसत नाही.

गोदा मला मिळाली ती त्यानंतर. डॉक्टर म्हणाले, निर्मलाबाई, तुम्हाला थांबता येतं, म्हणून ही तुमच्याकडे. माझ्याबद्दल कोणी इतकं चांगलं बोललेलं मला आठवत नव्हतं. गोदा तिशीची होती. काटोलकडच्या एका खेड्यात दिलेली, दोन मुली. धाकटीच्या बाळंतपणानंतर बिघडली, विहिरीकडे जायला लागली, मग बोलणंच बंद झालं. नवऱ्यानं दुसरी केली, मुली सासूकडे, भावानं इथे आणून ठेवलं. दिवसभर ती हातानं जमीन झाडायची. हातात झाडू नसायचा, नुसता हात फिरायचा, डावीकडून उजवीकडे.

मी तिच्यासमोर बसायचे आणि तसाच हात फिरवायचे. आरसा, एवढंच त्या खेळाचं नाव. तिचा हात थांबला की माझा थांबायचा. तिनं वेग वाढवला की मी वाढवायचे. तिनं कधी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, हाताकडेच पाहायची. हिवाळा गेला, उन्हाळा लागला, त्या पत्र्याखाली दुपारी बसवत नसे. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून, पाणी मारून आम्ही बसायचो. तू पलीकडे तुझ्या घोळक्यात काय काय करायचीस, बाजार, लग्न, कोर्ट, आणि हसण्याचा कल्लोळ उठायचा. मी हात फिरवत बसलेली. एका रविवारी मी तिच्या हातामागून माझा हात न नेता, हळूच वर उचलला. गोदा थोडा वेळ बघत राहिली. मग तिचा हात वर आला. माझ्या मागून. त्या दिवशी परतताना मी तुला सांगितलं तेव्हा तू भर बसमध्ये मला मिठी मारलीस. तेव्हाही मला वाटलं होतं, हिला मिठीसुद्धा किती सहज मारता येते.

आणि मग माझ्या भाचीच्या साक्षगंधासाठी मी अमरावतीला गेले. एक रविवार चुकला. डॉक्टरांनी गोदाला तुझ्या घोळक्यात बसवलं.

तू त्या दिवशी एसटी केलीस. खुर्च्यांच्या दोन रांगा, मधे वाट, आणि तू कंडक्टर, तिकिटाला भोक पाडायचा आवाज जिभेनं काढत फिरणारी. जो तो आपापलं गाव सांगत होता. रामटेक, भंडारा, एकानं मुंबई सांगितली. गोदासमोर येऊन तू तिलाही विचारलंस, सगळ्यांना विचारलंस तसंच, काही अपेक्षा न ठेवता. आणि गोदा बोलली. "मले घरी जा लागते. पोरी उपाशी असतीन." तू तिकीट फाडून तिच्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "बसा बाई. नेतो तुमाले."

हे सगळं मला पुढच्या गुरुवारी डॉक्टरांच्या तोंडून कळलं, पूर्ण वर्गासमोर. सगळे तुझ्याकडे बघत होते. तू उठून उभी राहिलीस आणि म्हणालीस, पाया निर्मलानं घातला, इतके महिने ती बसली म्हणून हे झालं, मी नुसती तिकिटं फाडली. सुधा, तू गप्प बसली असतीस तर मला तुझा राग धरता आला असता. तू तेवढीही सोय ठेवली नाहीस. झाड मी लावलं, पाणी मी घातलं, फळ तुझ्या ओटीत पडलं, आणि वर मोठेपणाही तुझाच.

तर्री-पोह्याच्या ठेल्यावर आपण भांडलो ते त्याच संध्याकाळी. मी म्हटलं, तू तिला नेते म्हणालीस, ते बरोबर केलं नाहीस. खेळ संपला की खेळातलं वचन संपलं, हे तिला कोण सांगणार? भूमिका उतरवायची असते, हे तू एका गुरुवारी तरी जागी राहून ऐकलं आहेस का? गोदा आता रोज दाराशी जाऊन उभी राहते, असं तिथल्या बाई सांगत होत्या. तू पोहे खाता खाता थांबलीस.

"मंग खोटं तिकीट देऊ का मी तिले?"

"ते खोटंच होतं, सुधा. तुझ्या हातात कागदसुद्धा नव्हता."

"तिच्या हातात होता," तू म्हणालीस.

पुढे मी नव्या विद्यार्थ्यांना सिद्धांत शिकवायला लागले, तेव्हा दरवर्षी या ठिकाणी येऊन अडले. मी म्हणायचे, खेळात दिलेला शब्द खेळातच पुरा करावा. तू मागे बसलेली असलीस की खाकरायचीस. विद्यार्थ्यांना वाटायचं, आपलं काहीतरी ठरलेलं आहे. ठरलेलं काही नव्हतं. तुझंच बरोबर होतं असं मी अजून म्हणणार नाही. धोका होता, आणि तो तू न बघता पत्करलास. पण गोदा दाराशी उभी होती, हेही खरं.

डॉक्टरांनी घाई केली नाही. भावाला बोलावलं, सासरी निरोप पाठवला, गोदाला कितपत झेपेल याचा अंदाज घेतला. शेवटी एका दिवसाची भेट ठरली. भाऊ सोबत, आणि आपल्यातली एक. कोण, ते गोदाला विचारू, डॉक्टर म्हणाले. आपण दोघी तिच्यासमोर बसलो. मी नकळत पदर नीट केला, दाखवायला बसवलेल्या मुलीसारखा. गोदानं तुझ्याकडे बोट दाखवलं. दाखवणारच. तुझ्याजवळ एसटी होती.

भेटीच्या दिवशी संध्याकाळी तू स्टँडवरून सरळ माझ्या घरी आलीस. भावानं दिलेली संत्री ओट्यावर ठेवलीस, तोंडावर पाणी मारलंस, आणि चहाही न घेता सांगायला लागलीस. सासूनं ओसरीवर चढू दिलं नाही. भाऊ हात जोडून उभा. मुली दारामागे, थोरली धाकटीला धरून. शेजारपाजारचे गोळा झालेले. तुला वाटलं होतं, तू बोलशील, हसवशील, काहीतरी करशील. तू तोंड उघडलंस आणि कोणी हसलं नाही. तू म्हणालीस, आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षक तुझ्या हातातून सुटले होते.

आणि मग अंगणात उभ्या उभ्या गोदानं हात वर केला. हळूच. डावीकडे नेला, उजवीकडे नेला, परत वर. दाराआडून धाकटीनं पाहिलं. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनंही हात वर केला. गोदानं खाली घेतला, तिनं खाली घेतला. थोरली आधी लाजली, मग तीही करायला लागली. किती वेळ चाललं ते तुला सांगता आलं नाही. शेवटी सासू आत गेली आणि पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली.

"तुझा हात होता वं तो, निम्मे," तू म्हणालीस. "मी पाह्यला. मी काईच नाई केलं तिथं."

मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? तुला माणसाला काय हवं असतं ते कळायचं आणि ते त्याच्या हातात ठेवायची कला तुझ्याजवळ होती. कागदाशिवाय तिकीट देणारी बाई तू. मला वाटलं, माझ्या पडलेल्या तोंडाकडे बघून तू वाटेतच ही गोष्ट रचलीस, एसटीच्या खिडकीशी बसून, अंगणासकट. पुढे किती वेळा मी तुला म्हटलं, सुधा, आता खरं सांग. "खरंच सांगून राहिली," तू म्हणायचीस, कधी हसून, कधी चिडून. एकदा तू डोळ्यांत पाणी आणून म्हणालीस, आणि मी मनात म्हटलं, काय सुंदर करते ही.

गोदा पूर्ण बरी झाली नाही. पण वर्षभरानं भावाकडे राहायला गेली, बागेत संत्री निवडायच्या कामाला लागली, मुली आधी सुटीत आणि मग कायमच्या तिच्याकडे आल्या. एवढं डॉक्टरांकडून कळलं होतं. ती तुझ्याकडे येते, हे मात्र तू लपवलंस. मला वाईट वाटेल म्हणून, ना? मी जळेन म्हणून. मला सांभाळून घ्यायची तुझी ती रीत मला कधी आवडली नाही.

तेरवीला ती माझ्यासमोर बसली होती. विचारता आलं असतं, की बाई, त्या दिवशी अंगणात काय झालं. नुसता हात वर केला असता तरी तिनं मला ओळखलं असतं, असं मला आतून वाटत होतं, कारण तोंड तिनं माझं कधी पाहिलंच नव्हतं. मी हात वर केला नाही. खरं निघालं असतं तर तुझ्यावर इतकी वर्षं घेतलेला संशय कुठे ठेवला असता? आणि खोटं निघालं असतं, तर माझ्यासाठी एवढं कष्टानं रचलेलं दुसरं काही माझ्याजवळ नाही. तिला वाढलं, दक्षिणेचा विडा दिला, रिक्षापर्यंत पोचवलं. गल्लीच्या टोकाला वळताना तिनं मागे वळून पाहिलं. तुझ्या घराकडे.

दवाखान्यातलं आपलं शेवटचं बोलणं भांडणच होतं. तुझा आवाज बसलेला होता. ज्या आवाजावर अर्धं शहर नंबर जोडून घ्यायचं, तो आवाज सायकलच्या कोरड्या साखळीसारखा झाला होता. तू म्हणालीस, माझा रविवार तू घे. मी म्हटलं, मी सिद्धांत शिकवते, मला ते घोळक्यातलं जमत नाही, आणि तू बरी होऊन येशीलच. तू माझ्या दुसऱ्या वाक्याकडे लक्षही दिलं नाहीस. "तुले भेव वाटते," म्हणालीस, "लोक हसतीन म्हून." मी म्हटलं, तुला लोकांनी हसावं याचीच हौस, माझं तसं नाही. काहीतरी आणखी बोलणार होते, नर्सनं उठवलं. उद्या येते म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा तू गुंगीत होतीस, आणि नंतर ते उद्या काही आलं नाही.

तेरवीनंतरच्या रविवारी मी वाडीला वसतिगृहात गेले. रविवार घ्यायला नाही, फक्त त्यांना सांगायला. तू आजारी आहेस एवढंच त्यांना माहीत होतं. सगळे गोल बसले होते, तुझी जागा मोकळी ठेवून. मी उभ्यानंच सांगितलं. कोणी रडलं नाही. मग मोतीरामजी उठले, तिथले सगळ्यात जुने, एके काळचे पोस्टमन. ते गोलाच्या मधे आले, धोतराचा सोगा पदरासारखा खांद्यावरून घेतला, कमरेला खोचला, आणि तुझ्यासारखे चालले. डावा खांदा थोडा पुढे. सगळ्यांनी ओळखलं. कोणीतरी म्हणालं, तशी नाही, टाळी अशी वाजवायची, आणि उठून वाजवून दाखवली. मग तिसरा उठला, चौथी उठली. थोड्या वेळानं तो हॉल तुझ्यानं भरला होता. कोणी चष्मा कपाळावर सरकवत होतं, कोणी लुगड्याला हात पुसत होतं. हसत होते, सुधा. आणि मी एका कोपऱ्यात उभी राहून तेच करत होते, जे मी आयुष्यभर केलं. मनात म्हणत होते, मी मेले तर माझी चाल कोणाला करता येईल?

मोतीरामजी माझ्याजवळ आले. "आता तुमी करा."

मला जमत नाही म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. मला मधे उभं केलं. मी पदर खोचला, चालले. सगळे हसले. खांदा, बाई, खांदा. मी परत चालले. टाळी वाजवली, ती चुकली. एका म्हातारीनं माझे दोन्ही हात धरून टाळी कशी वाजवायची ते शिकवलं, तळवे वाकडे धरून, म्हणजे आवाज पोकळ येतो. इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी बसले आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुन्हा केलं. पुन्हा. घामाघूम झाले. आणि एका फेरीला हसणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघत होते, तुझ्याकडे बघायचे तसे. म्हातारीनं अगदी साधेपणानं विचारलं, "सुधाताई, तुमी काहून गेल्या वं?"

डॉक्टरांनी शिकवलं होतं, अशा वेळी भूमिकेतल्या माणसाला घाई करायची नाही, उत्तर आपोआप येतं. मी ते शंभर जणांना शिकवलं असेल. आता मीच मधे उभी होते. आमच्या घरी मले-तुले म्हटलं की आई टोकायची, ताट वाढायची थांबायची. ते शब्द मी चेष्टेखेरीज कधी तोंडात घेतले नाहीत.

"मले नव्हतं जायाचं," मी म्हटलं. "मले अजून लय भांडाचं होतं निम्मीशी."

म्हातारीनं मान डोलावली, परत गोलात बसली आणि माझ्यासाठी जागा करायला थोडी सरकली.